आमचा एक, त्यांचा एक

माझी बहीण अर्लिना नवऱ्याकडे परत गेली नाही. पण हे अजून झालेलंच नाही असं धरून चला. त्या दुपारी आम्हीही सगळे तसंच धरून बसलो होतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात आमच्या दोन आदिवासी जमाती शेजारी शेजारी. हायवेच्या अलीकडे आम्ही नवाहो. मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे ढकलतो, नोव्हेंबरात परत मागे घेतो. पलीकडे होपी, ते ढकलत नाहीत, उरलेलं ॲरिझोनाही ढकलत नाही. ताई हायवे ओलांडून डेल्मरदाजींकडे नांदायला गेली. हिवाळाभर संसार सुखाचा, कारण तेव्हा दोन्हीकडे सारखेच वाजतात. मार्च आला की स्वयंपाकघरातल्या घड्याळाची ओढाताण. ताईची नोकरी अलीकडच्या दवाखान्यात. ती काटा पुढे करायची, दाजी मुकाट्याने मागे. यंदा तर तान्ही पोर, जागरणं, आणि दाजी घोरत असताना हिने उठून निघायचं. झोप पुरत नाही, म्हणाली. दाजी म्हणाले, "तो तास तुमच्या लोकांनी मनाने काढलाय. खरा नाहीये तो."

"मग माझा थकवा काय नाटकातला आहे का?" असं म्हणून ताई पोरीला घेऊन आईकडे आली.

आईच्या भिंतीवरचं घड्याळ तेवढं पुढे करायचं राहिलं होतं. मी स्टुलावर चढलो आणि घड्याळासकट खाली आलो. पोरगी खुदकन हसली. जन्मातलं पहिलं हसू. आमच्यात बाळाला पहिल्यांदा जो हसवतो त्याने सगळ्यांना जेवण घालायचं, आणि बाळाच्या हातून मीठ वाटायचं, म्हणजे मूल मोठेपणी दिलदार होतं. गुडघा माझा सुजला, वर मेंढीही माझी गेली.

"दाजींना बोलवू ना?" मी ताईला विचारलं.

"रविवारी एक वाजता ये म्हणावं. एवढंच सांग."

"कुणाचा एक?"

"ते त्याला विचारू दे."

आमच्याकडे 'कुणाचा?' असं विचारल्याशिवाय माणूस दात काढायलाही जात नाही. दाजी फोनवर म्हणाले, "बरं," आणि ठेवून दिला.

रविवारी आमचा एक वाजला. मटण शिजलं होतं, आमच्याकडे भाकऱ्या तेलात तळतात, त्याही झाल्या होत्या. नातेवाईक ताटल्या धरून बसले होते.

"मीठ जरा थांबवा," आई म्हणाली. "एक वाजू दे."

"वाजला की," मावशी म्हणाली.

"अजून एकदा वाजेल."

"मटणाला सांगितलंय का हे?" मामाने विचारलं.

ताई खिडकीशी उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आज एकदाच त्याने माझ्या घड्याळाने यायला हवं होतं रे. एकदा आला असता, तर वर्षभर मी त्याच्या घड्याळाने उठले असते."

मग दुसऱ्यांदा एक वाजला, आणि दाजींचा ट्रक वळणावर दिसला. इस्त्रीचा शर्ट. हातात त्यांच्या आईने केलेल्या निळ्या मक्याच्या पापडगुंडाळ्या, मोडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरलेल्या.

"उशीर नाही ना झाला?"

"नाही," ताई म्हणाली. "अगदी वेळेवर आलास."

दाजींचा जीव भांड्यात पडला. ते पोरीपुढे मांडी घालून बसले. तिच्या मुठीतलं मीठ मी त्यांच्या तळहातावर पाडलं. त्यांनी ते जिभेला लावलं.

आईने ताईला चुलीमागे ओढलं. "आला ना तो? मग आता काय?"

"उशीर झाला असता तर गेले असते गं. टायर फुटला, मेंढ्या आडव्या आल्या, काहीही चाललं असतं. हा त्याच्या वेळेवर आलाय."

जेवणं झाल्यावर दाजी उठले. "सामान ठेवू ट्रकमध्ये?"

"नोव्हेंबरात बघू," ताई म्हणाली.

दाजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जसं काही त्यात नोव्हेंबर दिसणार होता. मग एकटेच गेले.

सबब, नवाहो व होपी या दोन्ही कौन्सिलना विनंती करण्यात येते की, हायवेच्या मधोमध असलेल्या पिवळ्या पट्ट्यावर अर्ध्या तासाचा स्वतंत्र कालविभाग जाहीर करावा. सदर पट्ट्यावर तीन माणसांपुरतं एक घर बांधण्यास परवानगी द्यावी. आणि पोरगी झोपलेली असताना दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या ट्रकवाल्यांना हॉर्न न वाजवण्याची समज द्यावी.