बिशप ब्लेजच्या दोन मेणबत्त्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि डोंगरातली एक गुहा मनात आणा. आत एक म्हातारा बिशप बसलाय, ब्लेज त्याचं नाव. बादशहाचे शिपाई ख्रिस्ती माणसांना शोधत होते, म्हणून तो तिथे लपला होता. लंगडे कोल्हे, जखमी ससे त्याच्याकडे औषधाला यायचे, असं सांगतात. शेवटी शिपायांनी त्याला गाठलंच. त्याला नेत असताना वाटेत एक बाई मुलाला कवटाळून धावत आली. पोराच्या घशात माशाचा काटा अडकला होता. बिशपने बेड्या घातलेले हात त्याच्या गळ्यावर ठेवले, आणि काटा निघाला.

ही गोष्ट सिडनीतल्या केलीव्हिल भागात राहणाऱ्या नीरजाला शाळेत टीचरने सांगितली होती. गळा बरा व्हावा म्हणून त्या बिशपच्या नावाने लोक अजून गळ्याशी दोन मेणबत्त्यांची फुली धरतात, हेही.

त्या वर्षी करोनाने विमानं बंद पडली होती. नीरजाकडे राहायला आलेली लताआजी सिडनीतच अडकलेली, आणि आजोबा, म्हणजे आबा, साताऱ्याच्या हॉस्पिटलात, घशात नळी.

दुपारी नर्सने व्हिडिओ कॉल लावून आबांसमोर फोन धरला. नीरजाने वाढदिवसाच्या केकवरच्या उरलेल्या दोन मेणबत्त्या घेतल्या आणि स्क्रीनवर त्यांच्या गळ्यापाशी फुली धरली.

"अगं, हे काय?"

"वेट, आजी. याने गळा ओपन होतो."

"बरं. पण पेटवल्यास तर फुंकून विझवू नकोस हं, दिवा फुंकला की आबा रागावतात!"

आबांच्या पापण्या हलल्या. मग फोन बंद झाला.

संध्याकाळी तो पुन्हा वाजला. बाबांनी घेतला, ऐकलं, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

नीरजाने मेणबत्त्या भिरकावल्या. "बिशपला जमलं. मला का नाही?"

आजीने त्या उचलून ठेवल्या. मग म्हणाली, "त्या बिशपचं पुढे काय झालं गं?"

"शिपाई म्हणाले, तुझा देव सोड. तो नो म्हणाला. मग... त्याची मान कापली."

"आणि त्याच्या गळ्यावर कुणी हात ठेवला?"

"कुणीच नाही."

शेजारच्या विनीताने दाराबाहेर पिठलंभात ठेवला होता. बाबांनी फार आग्रह केला, तेव्हा आजीने एक घास घेतला. तो घशातच अडला. जोराचा ठसका लागला, डोळे भरून आले.

नीरजाला असा ठसका लागला, की आबा साताऱ्याहून फोनवर ओरडायचे, "वर बघ, वर बघ!"

नीरजा उठली. एक हात तिने आजीच्या गळ्यावर ठेवला, दुसऱ्याने टाळूवर हळूच थोपटलं, आणि म्हणाली, "आजी, वर बघ."