हार्लनचा क्लोजअप

हार्लन क्विगने लाकडी खोका पायाने सरकवत कॅमेऱ्याला खेटून आणला, त्यावर बसला आणि समोरच्या पोरीला म्हणाला,

"इथे बघ. माझ्याकडे. त्या काचेला विसर."

ब्रिएलने मान हलवली. ती मालिकेची नायिका; आणि हार्लन तिचा कित्येक वर्षांनी दारात येऊन उभा राहिलेला बाप, तोही एका भागापुरता. प्रसंग एवढाच की बाप माफी मागतो आणि मुलगी ऐकते. आधी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, मग फिरवून त्याच्या. तिचा क्लोजअप चालू असताना हार्लन दिसणार नव्हता. त्याने फक्त कॅमेऱ्याशेजारी बसून आपलं भाषण म्हणायचं, तिला कुणाकडे तरी बघून ऐकता यावं म्हणून.

अशा वेळी शहाणा नट हात आखडता घेतो. भाषण वाचल्यासारखं म्हणतो, रडू-बिडू सगळं आपल्या क्लोजअपसाठी राखून ठेवतो. बडे लोक तर तेवढेही कष्ट घेत नाहीत. ते आपल्या गाडीत जाऊन बसतात आणि त्यांचे संवाद सेटवरची कुणीतरी बाई कागदात बघून वाचते. हार्लनला हे शहाणपण उभ्या जन्मात जमलं नव्हतं. सिनेमात आणि टीव्हीवर मिळून त्याने शेरीफ केले, न्यायाधीश केले, वाईट बातमी सांगणारे डॉक्टर आणि पहिल्याच प्रसंगात मरणारे शेजारी केले. बाजारात लोक त्याला थांबवून "तुम्ही आमच्या बँकेत होता ना?" असं विचारत. पण कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या त्याच्याकडे बघत रडलेल्या दोघी-तिघींना मोठमोठी बक्षिसं मिळाली होती.

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या!" असं त्याची बायको विनी म्हणायची. आज सकाळीही त्याची कॉलर बोटांनी चाचपून सरळ करताना तिने बजावलं होतं.

"आज तरी स्वतःसाठी ठेव, हार्ली. मला तुझा चेहरा बघायचाय. अख्खा पडदाभर. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. विनीच्या नजरेच्या मधोमध धुकं धरलं होतं आणि ते आता हटणार नव्हतं, वाढणारच होतं. कडेकडेचं तिला दिसे, समोरचं पुसट होई. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली तर मोठा चेहरा अजून कसाबसा ओळखू यायचा. इतक्या वर्षांत हार्लनला लांबलचक भाषण, आणि तेही क्लोजअपमध्ये, कधी मिळालंच नव्हतं. हे पहिलं. विनीला दिसण्यापुरतं बोलायचं तर बहुधा शेवटचंही.

"आज मूठ झाकलेली ठेवतो," असं त्याने कबूल केलं होतं, आणि मनापासून केलं होतं.

सुरुवातीचे टेक त्याने खरंच झाकल्या मुठीने दिले. ब्रिएलचं मात्र काही केल्या जमेना. डोळे कोरडे, खांदे ताठ. दिग्दर्शिका दर वेळी "छान, परत एकदा" म्हणायची आणि छान झालेलं नाही हे सगळ्या सेटला कळायचं. शेवटी पोरगी खाली बघत पुटपुटली,

"सॉरी, मिस्टर क्विग. मला नाही येत हे. उगाच घेतलं मला."

"कोण म्हणतं?"

"माझा खरा बाप. फोन केला की दर वेळी."

हार्लन उठला. त्याने खोका आणखी पुढे घेतला, तिच्या गुडघ्यांना जवळजवळ लागेल इतका.

"चला, घेऊ या," तो दिग्दर्शिकेला म्हणाला.

त्या टेकला त्याने मूठ उघडली. आवाज मध्येच फुटला, नाक वाहू लागलं, तिच्याकडे निघालेला हात अर्ध्यात थांबला. कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला ब्रिएल दिसत होती. ती एकेक शब्द ऐकत गेली, आणि मग तिची हनुवटी जी थरथरायला लागली ती थांबेचना. दिग्दर्शिका 'कट' म्हणायचंच विसरली. मागे अंधारात कुणीतरी नाक शिंकरलं.

मग कॅमेरा फिरला. ब्रिएल गेली नाही. त्याच खोक्यावर बसून तिने त्याच्यासाठी जीव ओतला. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हार्लनने शब्द बरोबर म्हटले, थांबायचं तिथे थांबला, चुकला कुठेच नाही. "उत्तम झालं," दिग्दर्शिका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. ती इतक्या मायेने म्हणाली की त्याला काय ते समजलं.

घरी पाऊल टाकताच विनीने विचारलं,

"ठेवलंस ना?"

"ठेवलं," तो म्हणाला आणि कोट काढायला आत गेला.

भाग लागणार त्या संध्याकाळी विनीने ओव्हनमध्ये मॅकरोनी-चीज केलं. तिचा भाऊ ड्यूई बिअर घेऊन आला. त्याचं आयुष्य सेटवरचे दिवे लावण्यात गेलं होतं. विनीने स्टूल टीव्हीच्या इतकं जवळ ओढलं की त्याला राहवेना.

"आतच जाऊन बस की."

"तू खा गपचूप. माझा नवरा यायचाय."

पडद्यावर घंटा वाजली. ब्रिएलने दार उघडलं. दारात हार्लन सबंध उभा दिसला, क्षणभरच. मग तिचा चेहरा आला आणि तिथेच राहिला. हार्लनचं भाषण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं, त्याच टेकमधलं, फुटलेल्या आवाजासकट. चेहरा मात्र तिचाच. कॅमेरा एकदाही त्याच्याकडे वळला नाही.

ड्यूईचा काटा हवेतच राहिला.

"अरे, पण ही तर…"

हार्लनने त्याचा गुडघा घट्ट दाबला.

विनी नाक टेकेल इतकी पुढे वाकली होती. समोर मोठा पुसट चेहरा आणि कानात नवऱ्याचा आवाज. तिने हात उचलून पडद्यावरच्या ओल्या गालावर बोटं टेकवली. हार्लनला वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, मेलो तरी सांगणार नाही.

जाहिराती लागल्या. विनी डोळे पुसत वळली.

"किती जवळून घेतलंय रे तुला! असं रडताना कधी बघितलं नव्हतं मी."

"आवडलं?" त्याने विचारलं.

"फार." ती उठली, चाचपत त्याच्यापाशी आली आणि तिने त्याच्या गुळगुळीत टकलावरून हळूच हात फिरवला. "आणि केस काय सुंदर दिसत होते तुझे, हार्ली. पार खांद्यापर्यंत."