बिनतोंडाच्या टेपचा भाव

मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की ती काहीतरी गोड, हळवं सांगणार असं तुम्हांला वाटतं. माझ्याकडून तशी आशा धरू नका. मी गाडीत बसवायचा कॅसेटचा टेप आहे. माझ्यासारखे टेप बनायचे बंद होऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज माझं डोकं भयंकर फिरलेलं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, पण तिथलं काही सांगण्यासारखं नाही. माणसांत आलो तो न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योला गावात, १९९५ साली. एलॉय माएस्तास नावाच्या तरुणाने मला एकशे एकोणनव्वद डॉलरला घेतलं. तो वखारीत लाकडं कापायचा. माझ्यासाठी त्याने सहा महिने बिअरला हात लावला नव्हता, आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा. त्याची गाडी निळी होती, जमिनीला पोट घासेल इतकी खाली बसवलेली. त्या गावात अशी गाडी म्हणजे माणसाची अब्रू. एलॉयने खिळ्याने माझ्या कुशीवर स्वतःचं नाव कोरलं आणि मला तिच्यात बसवलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या काळच्या टेपांचं तोंड निघायचं. बटणं, आकडे, दिवे हे सगळं ज्या पट्टीवर, ती पट्टी म्हणजे आमचं तोंड. तेव्हा गाड्यांच्या काचा फोडून टेप चोरायचा सुळसुळाट होता. म्हणून मालक गाडीतून उतरला की तोंड काढून खिशात टाकायचा. बिनतोंडाचा टेप चोराच्या काय कामाचा? गावातले निम्मे पुरुष टेपाचं तोंड खिशात घेऊन हिंडायचे. लग्नात नवरा नाचायचा तोही ते खिशात ठेवूनच. एलॉयची आई एपिफानिया चर्चच्या पायरीवर त्याला हटकायची, ‘‘अरे, देवाच्या दारात तरी ते काढून ठेव!’’

‘‘आई, देव चोरणार नाही गं. पण देवाकडे येणाऱ्यांचा काय भरवसा?’’

तोंड परत बसवलं की मी दोनदा टुंई-टुंई करायचो, दुसऱ्यांदा जरा वरच्या सुरात. दुसऱ्या टेपांचे आवाज वेगळे होते, काहींना आवाजच नव्हता. अंगणात माझं टुंई-टुंई झालं की एपिफानिया स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘थांब! उपाशीपोटी निघालास कुठे?’’ रविवारी ती पुढच्या सीटवर बसायची आणि गाडी बैलाच्या चालीने मोठ्या रस्त्यावरून फिरायची. मी रांचेरा, म्हणजे मेक्सिकोकडची रांगडी लोकगाणी वाजवायचो. ‘‘वाढव आवाज,’’ ती म्हणायची, ‘‘त्या शेजारच्या आर्चुलेटांच्या घरापर्यंत जाऊ दे.’’ मित्रांनो, माझं कौतुक झालं ते तेवढंच, पण ते खरं कौतुक होतं.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात ओहो कालिएंतेच्या रस्त्यावर कुणाचं तरी चाक पंक्चर झालं होतं. एलॉयने गाडी बाजूला घेतली. दोन मिनिटांचं काम, तरी सवयीने त्याने माझं तोंड काढलं, खिशात टाकलं आणि मदतीला गेला. मागून ट्रक आला. गाडीवर ओरखडासुद्धा उठला नाही, माझ्यावरही नाही. एलॉय तिथेच गेला.

माझं तोंड त्याच्या जाकिटाबरोबर त्याच्या बहिणीकडे, बर्निसकडे गेलं. गाडी दारात दिसली की एपिफानिया भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणून महिन्याभरात गाडी विकली गेली. नव्या मालकाने सीडी वाजवणारा घेतला आणि मला खोक्यात टाकलं. पंचवीस वर्षं मी त्या खोक्यात होतो, वर रंगाचे डबे आणि खाली उंदरांची बाळंतपणं. त्या मालकावर मात्र माझा राग नाही. तो मला विसरला. विसरणं मी समजू शकतो.

माझा राग लेव्ही क्विंतानावर आहे.

लेव्ही जुन्या टेपांचा व्यापारी. आई एर्लिंडाच्या घरामागे त्याची पत्र्याची शेड आहे. कुणी वारलं की घरातलं सामान विकायला निघतं, तिथे हा सकाळी सातला हजर. माझं अख्खं खोकं त्याने पंधरा डॉलरला उचललं. हात मात्र गुणी, खोटं कशाला बोलू? त्याने मला उघडलं, स्पिरिटने पुसलं, वितळलेला रबरी पट्टा बदलला. तोंड नसल्यामुळे वाजवून बघता येईना. म्हणून त्याने चिठ्ठी लावली, ‘तोंड नाही. चाळीस डॉलर.’ माझा फोटो इंटरनेटवर टाकला, कुशीवरच्या नावासकट.

तो फोटो बर्निसने पाहिला.

बर्निस आता पंचावन्नची, शाळेची बस चालवते. दोन वर्षांपूर्वी तिने एलॉयची गाडी शोधून काढली आणि साठवलेलं सगळं घालून परत विकत घेतली. रंग तोच दिला, सीटा त्याच शिवून घेतल्या. दोन वर्षं खपून ती आईच्या दारात नेली. पण एपिफानिया सत्त्याऐंशीची झाली होती आणि तिचे डोळे गेले होते. तिने बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘पत्रा आहे बाई. पत्रा कुठल्याही गाडीचा असतो. ती हीच कशावरून?’’

कशावरून म्हणजे माझ्यावरून! तिला ओळख पटवू शकेल असा एकच आवाज होता, आणि त्याचा अर्धा भाग बर्निसच्या कपाटात होता, अर्धा लेव्हीच्या फळीवर.

डिसेंबरात बर्निस शेडवर आली. आणि मित्रांनो, तिथे तिने चूक केली. दुसऱ्या गावची बाई असती तर नाक मुरडून म्हणाली असती, ‘काय हे भंगार! वीसला देतोस?’ पण एस्पान्योलात कुणाच्या दारात गेलं की आधी आपण कुणाचे कोण ते सांगायचं असतं. ते न सांगता व्यवहाराचं बोलणं म्हणजे उर्मटपणा. तिने सगळं सांगितलं. एलॉय, ट्रक, आई, आईचे डोळे. मग पर्समधून रुमालात बांधलेलं माझं तोंड काढलं.

‘‘बसवून बघू का रे?’’

‘‘बघा ना, ताई.’’

लेव्हीने बॅटरीच्या तारा जोडल्या. तिने तोंड माझ्यावर दाबलं आणि मी पंचवीस वर्षांनी टुंई-टुंई केलं! दिवे लागले. बर्निसने दोन्ही हात गालांवर ठेवले. ‘‘अगं आई गं! तोच आवाज!’’ मी इतका खूश होतो की काय सांगू.

तिने वीसच्या दोन नोटा काढल्या. लेव्हीने त्या घेतल्या नाहीत.

‘‘एक मिनिट हं, ताई,’’ म्हणून तो कोपऱ्यात गेला आणि मोबाईलवर बोट फिरवत राहिला. परत आला तेव्हा चेहरा बदललेला.

‘‘चारशे पंचवीस होतील.’’

‘‘चिठ्ठीवर चाळीस आहे.’’

‘‘चाळीस न चालणाऱ्याचे. आता चालतो हे सिद्ध झालं.’’

‘‘मी सिद्ध केलं! माझ्या तोंडाने!’’ बर्निसचा आवाज चढला. ‘‘ते मी आणलं म्हणून चालला ना?’’

‘‘बाजारभाव आहे, ताई. ओहायोतला एकजण असाच साडेसहाशेला विकतोय. हे बघा.’’

‘‘विकतोय की मागतोय?’’

लेव्हीने मोबाईल खिशात टाकला. तिने शंभर देते म्हटलं, पुढचे पगारातून देते म्हटलं. तो म्हणाला, उधारी मी ठेवत नाही. मग शहाणपणा शिकवायला लागला. ‘‘दुसरा टेप न्या की, वीसला देतो. गाणी तीच वाजतील.’’

‘‘माझी आई आंधळी आहे, बहिरी नाही,’’ बर्निस म्हणाली.

‘‘नाहीतर असं करा, ते तोंडच मला विका. पन्नास देतो.’’

यावर बर्निसने काय करावं? तिने माझं तोंड खटकन काढलं, रुमालात बांधलं आणि दाराकडे गेली. तिथे वळून म्हणाली, ‘‘मी तुला माझा भाऊ सांगितला, आणि तू त्याची किंमत लावलीस.’’

तुम्हीच सांगा, माझ्यात असं काय वाढलं होतं त्या दहा मिनिटांत? एक स्क्रू तरी? त्या बाईची गरज त्याला दिसली, एवढंच. माझी किंमत नव्हतीच ती, तिच्या गरजेची होती. आणि चिठ्ठी मात्र माझ्या छातीवर लावली!

पुढची गंमत ऐका, म्हणजे तुमचंही रक्त उकळेल. लेव्हीने मला चारशे पंचवीसला इंटरनेटवर चढवलं, ‘दुर्मीळ, चालू स्थितीत’ असं लिहून. चालू? बिनतोंडाचा? ते बघून ओहायोवाल्याने आपला सातशेवर नेला. ते बघून लेव्हीने मला पाचशेवर नेलं. दोघं एकमेकांकडे बघून आकडे वाढवत होते, आणि गिऱ्हाईक दोघांकडेही फिरकत नव्हतं. ज्या किमतीला आजवर एकानेही वस्तू घेतली नाही, तिला हे लोक बाजारभाव म्हणतात! मग मी म्हणतो माझा भाव एक लाख. झालो का मी लाखाचा?

लेव्हीची आई एर्लिंडा सत्तरीची, रोज दुपारी त्याला जेवण घेऊन शेडमध्ये यायची. तिला हे सगळं जानेवारीत कळलं.

‘‘माएस्तासच्या पोरीला परत पाठवलंस म्हणे?’’

‘‘आई, धंदा आहे हा.’’

‘‘एपिफानियाने तुझ्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला भांडी दिली होती रे! शरम कुठे विकलीस? तिचा किती भाव आला?’’

‘‘तू नको मध्ये पडूस. पाचशेचं गिऱ्हाईक येईल.’’

‘‘अरे, गिऱ्हाईक येऊन गेलं!’’ असं म्हणून तिने डबा आपटला. त्या दिवशी लेव्हीचं जेवण फळीवर तसंच थंड झालं, माझ्या शेजारी. मला बरं वाटलं.

बर्निसने मधून दोनदा फोन केला. फेब्रुवारीत म्हणाली, दोनशे जमलेत, आई आता अंथरुणाला खिळली आहे, गाडी तिच्या खिडकीखाली उभी करीन, एकदा ऐकू दे. लेव्ही म्हणाला, ‘‘साडेतीनशे शेवटचे, ताई, फक्त तुमच्यासाठी.’’ ‘फक्त तुमच्यासाठी’! हे ऐकून माझा नवा पट्टा तुटायचा राहिला.

मार्चमध्ये एका सकाळी एर्लिंडा काळे कपडे घालून शेडमध्ये आली. ती काही ओरडली नाही. ‘‘एपिफानिया पहाटे गेली,’’ एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसली.

लेव्हीने हातातला पान्हा खाली ठेवला. मग त्याने माझ्यावरची चिठ्ठी फाडली, मला फडक्यात गुंडाळलं आणि गाडी काढली. अकरा मिनिटांचा रस्ता. तीन महिन्यांत तो अकरा मिनिटं आला नव्हता.

बर्निसच्या दारात माणसं जमलेली, कुणी बीन्सचं पातेलं आणलेलं, कुणी पोसोलेचं, म्हणजे मका-मटणाच्या रश्शाचं. लेव्हीने मला पुढे केलं. ‘‘ताई, हा घ्या. पैसे नकोत.’’

बर्निसने त्याच्याकडे बघितलं. ‘‘कालपर्यंत साडेतीनशे होता.’’

‘‘चुकलो, ताई.’’

‘‘आणि आज फुकट. का रे? आज गिऱ्हाईक मेलं म्हणून?’’

तिने मला त्याच्या हातातून घेतलं. आभार मानले नाहीत, आणि मानायला नकोच होते.

दफनाच्या दिवशी तिने मला एलॉयच्या गाडीत बसवलं. माझी जागा मला बरोबर आली, चारही कडांनी. तिने रुमाल सोडला आणि तोंड दाबलं. मी टुंई-टुंई केलं, जमेल तेवढ्या जोरात. शवगाडी दहा पावलांवर पुढे उभी होती. तिच्या काचा बंद होत्या. कबरस्तानापर्यंत बर्निसने आवाज पूर्ण चढवून ठेवला, मागे बारा-तेरा गाड्या पोट घासत चालल्या होत्या, रस्त्यावरची माणसं टोप्या काढत होती. सगळ्या गावाने मला ऐकलं. जिला ऐकवायचं होतं तिने ऐकलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू तर घरी पोचलास, मग चिडतोस कशाला? चिडणार! वाजताना दर वेळी चिडणार! मी वस्तू आहे. मला फळीवर ठेवा, खोक्यात टाका, मी आणखी पंचवीस वर्षं थांबलो असतो आणि पुसून घेतल्यावर वाजलो असतो. एपिफानियाला थांबता येत नव्हतं. म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, विकाही, त्यावर पोट भरा, माझी ना नाही. पण दारात आलेल्या माणसाने तुम्हांला आपलं माणूस सांगितलं, तर आकडा वाढवायला मोबाईल उघडू नका. त्याला एवढंच विचारा, की घरी कोण वाट बघतंय आणि त्यांचं वय काय. आणि सत्त्याऐंशी म्हणाला, तर वस्तू त्याच्या हातात द्या आणि भावाचं उद्या बोला.