अडुसष्ट आणि पाच

थोरल्या मुलाची एक खोड तिला मुळीच खपत नसे. आईने बोलायला तोंड उघडायचा अवकाश, याची मान डोलायला लागलीच. "समजलं, समजलं." लग्न झालं, स्वतःचं सुतारकामाचं दुकान झालं, हाताखाली माणसं आली, पण आईचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायला साहेबांना सवड नाही.

त्या डोलणाऱ्या मानेनं बाथरूमच्या दाराचा पार विचका केला होता.

तिचे यजमान सकाळीच इस्पितळातून घरी आले, चाकांच्या खुर्चीत. येतानाच त्यांनी बजावलं होतं, "बाथरूममध्ये माझा मी जाणार. कोणी धरायचं नाही, कोणी ढकलायचं नाही." तिनेही ते मानलं. म्हणून तर थोरल्याकडून मोठी चौकट बसवून घेतली. खुर्ची दारात शिरली खरी, पण चाकं फिरवणारी बोटं दोन्हीकडून लाकडावर घासली. सालटी निघाली. ते मागे फिरले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. तेव्हापासून पाण्याचा पेला भरलेला तसाच. का, ते तिला विचारावं लागलं नाही; पाणी प्यायलं की बाथरूमला जाणं आलंच.

दुपारी थोरला आला, तेव्हा ती शिलाईच्या मशीनवरचा टेप घेऊन बाथरूमच्या दारातच उभी होती.

"साडेअडुसष्ट भरतंय. काय सांगितलं होतं मी?"

"खुर्ची अडुसष्ट, वर पाच सोड."

"मग अडुसष्ट न् पाच किती? तिसरीत शाळा सुटली माझी, तरी त्र्याहत्तर येतात मला."

"अगं, सहाशे ऐंशी न् पाच, सहाशे पंच्याऐंशी. आमच्यात पाच सोड म्हणजे पाच मिलिमीटर. लाकूड फुगतं, तेवढीच फट ठेवतो आम्ही."

"आणि पडद्याच्या दुमडीला मी पाच मिलिमीटर सोडले, तर गिऱ्हाईक तो पडदा माझ्या तोंडावर फेकेल! अडुसष्ट तेवढे सेंटिमीटर धरलेस, आणि पाच आले की मिलिमीटर? एका दमात दोन मापं?"

"मग तू म्हणालीस का सेंटिमीटर?"

खरं तर ती तसं म्हणाली नव्हतीच. या घरात कोणीच म्हणत नसे. आकडा फेकायचा आणि पुढे चालू लागायचं. पोराचं बरोबर निघालं, याचाच तिला जास्त राग आला.

थोरला खिडकीकडे वळला. "बाबा, आजच्या दिवस मी ढकलतो ना."

"नको."

आवाज चढला नव्हता, पण ओठ कोरडे पडले होते. तिने तणतणत टेप भिंतीला लावला. चौकटीपासून नळाच्या पाइपापर्यंत अकरा सेंटिमीटर भिंत मोकळी होती.

"आता तोडलं तर सगळी धूळ घरात येईल गं," थोरला कुरकुरला. "रविवारी निवांत करतो."

तिने टेप गुंडाळून त्याच्या हातात कोंबला.

"पाऊण मीटर. माझे पंचाहत्तर सेंटिमीटर, तुझे साडेसातशे मिलिमीटर. चूक दोघांची, पण छिन्नी तुझी आहे, तेव्हा तोडायचं तू, झाडायचं मी. आणि तुझे बाबा तो पेला रिकामा करेपर्यंत या घरात तुला जेवायला वाढणार नाही."