शिंपल्यांत मुरलेलं पाणी

मनोहररावांनी ते शिंपले तरुणपणी लडाखमधून आणले होते. एका आटलेल्या तळ्याच्या काठी, मातीच्या थरांत, हजारो वर्षांपूर्वी मेलेले. परतताना बर्फात अडकून त्यांच्या पायाची दोन बोटं गेली. शिंपले मात्र शाबूत नागपुरात पोचले आणि कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागातल्या कपाटात पडून राहिले. पुढे, एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, त्यांची विद्यार्थिनी प्रमोदिनी गजभिये हिने ते अभ्यासाला घेतले.

शिंपला आपलं कवच भोवतालच्या पाण्यातूनच घडवतो, थरावर थर चढवत. हिमनदी वितळून आलेल्या पाण्यातला ऑक्सिजन इतर पाण्यापेक्षा हलका असतो. थर खरवडून त्यांची पूड तपासली, की तळ्यात हिमनदीचं पाणी कधी आलं ते कळतं. तपासणीचं यंत्र नागपुरात नव्हतं. पूड बाहेरगावी पाठवावी लागे. निकाल आले ते थक्क करणारे होते. ऑक्सिजन इतका हलका, की हिमनदी एकाएकी प्रचंड वितळली असावी. मनोहररावांनी तसं एका परिषदेत जाहीरही केलं. निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यांचं नाव झालं.

पाण्याची खूण शिंपल्यात खरंच उतरते का, हे पडताळायला प्रमोदिनीने कन्हान नदीचे ताजे शिंपलेही घेतले होते. नदीकाठच्या खापा गावात तिचे वडील नानाजी विणकाम करत; नदीवरून शिंपले तेच आणून देत. एके दुपारी फोटोसाठी दोन्हीकडचे शिंपले शेजारी मांडताना ती थबकली. कन्हानचे शिंपले आतून चकाकत होते. लडाखच्या काहींना तशी चमक होती, पण सर्वांत हलका ऑक्सिजन ज्यांत सापडला होता, ते खडूसारखे निस्तेज होते.

तिने तुकड्यांवर एक द्रावण टाकलं. मूळ कवच त्यात काळं पडतं, बदललेलं पांढरंच राहतं. कन्हानचे आणि लडाखचे चकाकणारे तुकडे काळे झाले. लडाखचे निस्तेज तुकडे पांढरेच राहिले. म्हणजे ते हलकं पाणी शिंपला जगला त्या तळ्याचं नव्हतंच. तो मेल्यावर कितीतरी काळाने ते मातीतून झिरपलं होतं आणि कवचाचा मूळ पदार्थच बदलून गेलं होतं.

रविवारी ती खाप्याला गेली. मागावरून मान वर करून नानाजींनी विचारलं, "काहून वं, तोंड काहून उतरलं?"

तिने सगळं सांगितलं.

"मंग सरायले सांगतलं?"

"कसं सांगू, बाबा? त्यायनं सगळ्यायले सांगून टाकलं. आता कुठं लोक त्यायले मानून राहिले."

नानाजींनी मागावरचा एक तुटका धागा जोडला. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणाच्या तोंडून आयकतीन, तवा त्यायले कसं वाटंल?"

सोमवारी तिने ते तुकडे सरांपुढे ठेवले. मनोहररावांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"द्रावण जुनं असेल."

"नवीन केलं, सर. तीनदा."

"हे आत्ताच सुचलं तुला?" त्यांचा आवाज चढला. ते छत्री घेऊन निघून गेले आणि दोन दिवस विभागात फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते थेट तिच्या टेबलापाशी. "काळे किती पडले?"

"थोडेच आहेत."

"त्यांत काय दिसतं?"

"हिमनदीचं पाणी आहे, सर. पण बेताचं. दर उन्हाळ्यात थोडं थोडं यावं तसं."

ते खुर्ची ओढून बसले. "मग तेवढंच म्हणू आपण."

पुढच्या परिषदेत मनोहरराव स्वतः उभे राहिले. "गेल्या वेळी मी इथे जे सांगितलं, ते चूक होतं," ते म्हणाले. "चूक कुमारी गजभिये यांनी शोधली. पुढचं त्याच सांगतील." सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी हसलंही. प्रमोदिनी उठली आणि काळे-पांढरे तुकडे दाखवत बोलायला लागली.

तिचा प्रबंध वर्षभर लांबला. शाबूत शिंपले पुरेसे नव्हते, म्हणून उन्हाळ्यात ती स्वतः लडाखला गेली. जिथे पाणी मुरत नाही अशी घट्ट चिकणमाती तिने खणायला निवडली. कामाला लागण्यापूर्वी ती ओढ्याशी वाकली आणि वरच्या बर्फातून उतरणारं पाणी तिने ओंजळीत घेतलं. दात ठणकले, तरी ती ते सगळं प्यायली.