एक होतं

बायकोचे अंत्यविधी उरकून आम्ही घरी आलो. शेजारी नव्याने राहायला आलेल्या शिंपीणबाईंनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

मी बोलायच्या आत थोरल्या वहिनी म्हणाल्या, "मूलबाळ नाही हो. सुटसुटीत संसार."

माझं डोकं फिरलं. "एक होतं," मी म्हणालो. "माझी बायको सगळ्यांना हेच सांगायची. वहिनी, मी कामावर असताना तुम्ही हिला दवाखान्यात नेऊन गर्भ पाडायला लावलात. एका खोलीत पाळणा कुठे टांगणार, म्हणालात."

"जुनं कशाला उकरता, भावोजी? तिच्या भल्यासाठीच केलं."

"भलं झालं होतं, तर पाळणा दिसला की ती मान का फिरवायची? यांना खरं सांगा, नाहीतर चपला घाला."

वहिनींनी चपला घातल्या.

"एक," मी शिंपीणबाईंना पुन्हा सांगितलं.