बेसूर दादा

छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून ती निवृत्त झाली आणि महिन्याभरात वाचनालयाच्या ग्रंथपालांनी तिच्या गळ्यात एक काम मारलं. "आपल्या चौकाला ज्या जवानाचं नाव आहे, त्याच्यावर एक पान लिहून द्या. भिंतीवर लावू. नाव सगळ्यांना पाठ आहे, माणूस कुणालाच ठाऊक नाही."

तिनं शाळेचं जुनं रजिस्टर पाहिलं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसले, शिंका देऊन देऊन नाक लाल झालं. जिथं तिथं तेच: शांत, हुशार, आज्ञाधारक, शूर. ज्या मजकुरात एकही चूक सापडत नाही, तो कुणी नीट वाचलेलाच नसतो, हे तिला अनुभवानं माहीत होतं.

जवानाची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडेच राहत होती. वय बहात्तर, पाठ ताठ. शिलाई मशीनवर पांढरं कापड, वर भिंतीवर गणवेशातला भाऊ. फोटोकडे पाहत तिनं आवाज खाली आणला.

"दादा फार शांत होता. कधी कुणाला उलटून बोलला नाही."

वहीत लिहिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मग माजी सैनिकांच्या कार्यालयात चार खेपा घातल्यावर एक फोन नंबर हाती लागला. दादाच्याच तुकडीतला ड्रायव्हर, अजून हयात. बहीण म्हणाली, "माझ्यासमोरच लाव. मलाही ऐकू दे."

तिनं फोन स्पीकरवर टाकून जवानाचं नाव सांगितलं, तसा पलीकडून खणखणीत आवाज आला. "कोण? आमचा रेडिओ?"

"रेडिओ?"

"अहो, सदानकदा गायचा! गाड्या दुरुस्त करायचा आणि गाडीखाली पडल्यापडल्या गळा काढायचा. सूर त्याच्या आसपाससुद्धा फिरकायचा नाही. आम्ही म्हणायचो, बाबा रे, निदान इंजिनाचा आवाज तरी ऐकू येऊ दे!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन बंद करायला तिनं हात पुढे केला, तर बहिणीचे खांदे हलत होते. ती हसत होती.

"आंघोळीला गेला की शेजारीण खिडकी लावून घ्यायची!" बहीण फोनमध्ये ओरडली. मग दोघांची चढाओढच लागली. अर्धा तास झाला तरी कुणी हार मानेना.

शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "त्या दिवशी गाडी चिखलात रुतली होती, ताई. आत दोन जखमी. यानंच ती सुरू केली, मला म्हणाला, ने हिला. मी निघालो. तो मागच्या गाडीकडे वळला आणि तोफगोळा पडला."

मग बहिणीनं विचारलं, "तेव्हाही गात होता?"

"छे! गाडीला शिव्या घालत होता. अशा, की तुम्हाला सांगता येणार नाहीत."

बहिणीनं पदरानं डोळे पुसले, पण चेहऱ्यावरचं हसू काही पुसलं गेलं नाही. "बावन्न वर्षं लोक माझ्याशी दादाबद्दल हळू आवाजात बोलले," ती म्हणाली. "मीही तशीच बोलायला लागले. शेवटी फोटो तेवढा उरला होता गं."

पान लिहून झालं. ग्रंथपाल एका शब्दापाशी अडखळले. "हे 'बेसूर'... त्याऐवजी 'संगीताची आवड होती' असं केलं तर?"

"आवड त्याला होती, शिक्षा आम्हाला," शेजारी बसलेली बहीण म्हणाली. "शब्द राहू द्या."

शब्द राहिला. ते पान आता वाचनालयाच्या दाराजवळ लावलंय आणि वाचणारा मध्येच फिस्सकन हसतो. दर रविवारी सकाळी ड्रायव्हरचा बहिणीला फोन येतो. गुडघे, सुना, नातवंडं यांच्या तक्रारी करून झाल्या, की दोघं दादावर येतात आणि मग चहा गार होईपर्यंत फोन खाली ठेवत नाहीत.